कारखान्यातील डेटा साक्षरता : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कामगारवर्गाची सिद्धता

औद्योगिक विकासाचा विचार करताना भांडवल, यंत्रसामग्री, कच्चा माल आणि ऊर्जा या घटकांची चर्चा प्रामुख्याने केली जाते. गेल्या काही वर्षांत या यादीत डेटा या आणखी एका घटकाची भर पडली आहे. आधुनिक कारखान्यातील प्रत्येक यंत्र आज वस्तूबरोबर आकडेही निर्माण करीत असते. तापमान, दाब, कंपने, विजेचा वापर, तयार झालेल्या आणि बाद ठरलेल्या नगांची संख्या यांची नोंद क्षणोक्षणी होत असते. या नोंदींच्या आधारे यंत्र केव्हा बिघडेल, कोणता नग सदोष आहे, विजेची बचत कोठे होईल, याचे अनुमान कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली बांधू लागल्या आहेत. तथापि या अनुमानाचा अर्थ लावून योग्य वेळी योग्य कृती करण्याची जबाबदारी अखेरीस कामगार, पर्यवेक्षक आणि देखभाल कर्मचारी यांच्यावरच येते. ही जबाबदारी पेलण्याची क्षमता त्यांच्यात आहे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. रोजगार, उत्पादकता आणि सामाजिक न्याय यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

राष्ट्रीय वस्तुनिर्माण धोरण, २०११ मध्ये स्थूल देशांतर्गत उत्पादनातील वस्तुनिर्माण क्षेत्राचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे आणि १० कोटी अतिरिक्त रोजगार निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ मोहीम सुरू झाली. २०२० पासून १४ क्षेत्रांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर झाल्या व त्यांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. असे असूनही २५ टक्क्यांचे उद्दिष्ट दूरच राहिले. भांडवल आणि सवलती यांच्या जोडीला मनुष्यबळाची गुणवत्ता वाढल्याखेरीज हे अंतर भरून येणे कठीण आहे. डेटा साक्षरतेचा विचार याच संदर्भात करावा लागतो.

संकल्पनेचा अर्थ

डेटा साक्षरता म्हणजे संगणक चालविता येणे नव्हे. संगणकावर सहजतेने काम करणारी व्यक्तीही आकड्यांच्या बाबतीत निरक्षर असू शकते, तर साध्या वहीत नोंदी ठेवणारा कुशल टर्नर डेटासाक्षर असू शकतो. कारखान्याच्या संदर्भात या संकल्पनेत चार क्षमतांचा समावेश होतो. पहिली, आकडा अचूक आणि प्रामाणिकपणे नोंदविण्याची. दुसरी, तक्ता किंवा आलेख वाचून त्याचा अर्थ लावण्याची. तिसरी, तो आकडा कोठून आला, कसा मोजला गेला आणि त्यात कोणती त्रुटी संभवते, हे विचारण्याची. आणि चौथी, त्या आधारे निर्णय घेऊन तो इतरांना समजावून सांगण्याची.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची सिद्धता ही याच्या पुढची पायरी होय. प्रणाली पूर्वीच्या नोंदींवरून शिकते, तिचे उत्तर निश्चित नसून संभाव्यतेच्या स्वरूपात असते आणि परिस्थिती बदलल्यास ते चुकू शकते, ही तीन तत्त्वे ज्याला उमगली आहेत, तो कामगार प्रणालीचा उपयोग करून घेऊ शकतो. ही तत्त्वे न समजल्यास प्रणालीवर आंधळा विश्वास तरी ठेवला जातो किंवा तिच्याकडे पूर्ण दुर्लक्ष तरी केले जाते. दोन्ही प्रकारांत कारखान्याचे नुकसानच होते.

शंभर वर्षांची परंपरा

कामगाराने आकडे वाचावेत, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल दूरध्वनी उद्योगसमूहात काम करणारे वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची पद्धत मांडली. एकाच यंत्रावर तयार होणारे दोन नग कधीही तंतोतंत सारखे नसतात. परंतु काही फरक प्रक्रियेच्या स्वभावातच असतात, तर काही फरकांमागे हत्यार झिजणे, माल बदलणे यांसारखे विशिष्ट कारण असते. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिपटीवर मर्यादारेषा आखल्या जातात. मोजमाप या रेषांच्या आत आणि कोणत्याही विशिष्ट क्रमाविना राहिले, तर यंत्राला हात लावू नये; बाहेर गेले, तर कारण शोधावे. २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा तयार करणारा कामगार प्रत्येक किरकोळ फरकानंतर यंत्राची मांडणी बदलू लागला, तर चढउतार कमी होण्याऐवजी वाढतात, हे या पद्धतीने दाखवून दिले.

भारतात संख्याशास्त्राचा पाया प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी घातला. त्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. १९४७-४८ च्या सुमारास शुहार्ट यांनी भारताला भेट दिली व त्यानंतर सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रसाराचे कार्य या संस्थेने हाती घेतले. जपानमध्ये एडवर्ड्स डेमिंग यांच्या १९५० मधील व्याख्यानांनंतर आणि काओरू इशिकावा यांच्या प्रयत्नांतून १९६२ पासून गुणवत्ता मंडळे उभी राहिली. पडताळणी तक्ता, पॅरेटो आलेख, कार्यकारण आकृती अशी साधी साधने वापरून कामगार स्वतःच आपल्या विभागातील समस्या सोडवू लागले. भारतात भारत हेवी इलेक्ट्रिकल्स लिमिटेडच्या हैदराबाद येथील कारखान्यात १९८० मध्ये गुणवत्ता मंडळाचा प्रारंभ झाला. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळविणारा तो पहिला भारतीय कारखाना होय.

या इतिहासाचे महत्त्व असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी मनोभूमिका भारतीय कारखान्यांना सर्वस्वी अपरिचित नाही. ज्या कारखान्यात नियंत्रण आलेख वाचण्याची सवय रुजली आहे, तेथे नवी प्रणाली स्वीकारणे सुलभ होते. जेथे आलेख केवळ तपासणी अधिकाऱ्याला दाखविण्यासाठी भरला जातो, तेथे नव्या प्रणालीचीही तीच गत होण्याचा धोका असतो.

एका पाळीचे गणित

डेटा साक्षरतेचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका यंत्रावर दर मिनिटास एक नग तयार होऊ शकतो व पाळी आठ तासांची म्हणजे ४८० मिनिटांची आहे, असे समजू. पाळीत यंत्र ६० मिनिटे बंद राहिले. उरलेल्या ४२० मिनिटांत ४२० नग अपेक्षित असताना ३७८ नगच निघाले व त्यांपैकी १८ बाद ठरून ३६० योग्य ठरले. येथे यंत्राची उपलब्धता ८७.५ टक्के, कामगिरी ९० टक्के आणि गुणवत्ता सुमारे ९५.२ टक्के येते. या तिन्हींचा गुणाकार ७५ टक्के होतो. यालाच यंत्राची एकूण परिणामकारकता म्हणतात. जपानमधील सेइची नाकाजिमा यांनी सर्वसमावेशक देखभालीच्या पद्धतीत हे मापक रूढ केले.

केवळ ७५ टक्के हा आकडा पाहून कामगाराला किंवा व्यवस्थापकाला काहीच करता येत नाही. तथापि ४८० पैकी जे १२० नग कमी पडले, त्यांतील ६० यंत्र बंद राहिल्यामुळे, ४२ वेग मंदावल्यामुळे आणि १८ सदोष निघाल्यामुळे गेले, अशी फोड केली की प्रथम कोठे लक्ष द्यावे, हे कळते. या गणिताला चौथी-पाचवीच्या अंकगणितापलीकडचे ज्ञान लागत नाही. अवघड असते ती नोंद. यंत्र ६० मिनिटे का थांबले, याचे कारण कामगाराने पडद्यावरील यादीतून निवडावयाचे असते. हत्यार बदलणे, माल न येणे, वीज जाणे, मांडणी बदलणे अशा पर्यायांऐवजी घाईने किंवा भीतीने ‘इतर कारणे’ हाच पर्याय वारंवार निवडला गेला, तर वर्षभराच्या लाखो नोंदी जमा होऊनही त्यांतून प्रणालीला शिकण्यासारखे काहीच उरत नाही. प्रणाली कितीही प्रगत असली, तरी तिला मिळणारा कच्चा माल कामगाराच्या बोटातून जातो. त्याचा दर्जा बिघडला, तर पुढचा सर्व हिशेब बिघडतो.

इशारा खरा की खोटा

कृत्रिम बुद्धिमत्तेचा कारखान्यातील एक प्रमुख उपयोग म्हणजे कॅमेऱ्याद्वारे नगांची तपासणी. ‘आमची प्रणाली ९५ टक्के सदोष नग पकडते’ असा दावा ऐकल्यावर प्रणालीने बाद ठरविलेल्या प्रत्येक १०० नगांपैकी ९५ खरोखर सदोष असतील, असा समज सहज होतो. तो योग्य नाही.

समजा, १०,००० नगांपैकी एक टक्का, म्हणजे १०० नग सदोष आहेत. प्रणाली त्यांपैकी ९५ पकडते. उरलेल्या ९,९०० चांगल्या नगांपैकी तीन टक्के नगांना ती चुकून सदोष ठरविते. ही संख्या २९७ होते. म्हणजे एकूण ३९२ नग बाजूला काढले जातात व त्यांतील केवळ ९५, म्हणजे सुमारे २४ टक्के खरोखर सदोष असतात. दर चार इशाऱ्यांपैकी तीन खोटे ठरतात. प्रणाली निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. १०,००० नग हाताने तपासण्याऐवजी ३९२ नग तपासणे केव्हाही सोयीचे. परंतु हे गणित ज्या कामगाराला समजावून सांगितलेले नाही, तो दोन दिवसांत प्रणालीवरचा विश्वास गमावतो आणि तिचे इशारे न पाहताच रद्द करू लागतो. ज्या व्यवस्थापकाला ते उमगलेले नाही, तो ३९२ नगांचा ठपका कामगारावर ठेवतो. शिवाय निसटलेले पाच सदोष नग ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा धोका उरतोच. वाहनाच्या ब्रेकसारख्या सुट्या भागाच्या बाबतीत तो जीवावर बेतू शकतो.

दुसरी बाब म्हणजे परिस्थितीतील बदल. एका पुरवठादाराच्या ओतीव भागांच्या छायाचित्रांवर शिकविलेली प्रणाली, पुरवठादार बदलून भागाचा पृष्ठभाग किंचित काळसर आला, तरी गोंधळू शकते. असा बदल झाल्याचे सर्वप्रथम यंत्रावरील कामगाराच्या लक्षात येते. तो बदल कोणाला व कसा कळवावा, याची रीत कारखान्यात नसेल, तर दोष शोधण्यात अनेक दिवस वाया जातात. देखभालीच्या क्षेत्रातही हेच घडते. बेअरिंगच्या वाढत्या कंपनांवरून प्रणाली बिघाडाची शक्यता वर्तविते. मात्र ती कंपने शेजारी नव्याने बसविलेल्या यंत्रामुळे वाढली आहेत काय, हे अनुभवी फिटरच सांगू शकतो. अनुभव आणि आकडेवारी परस्परांना पूरक असल्याचे या उदाहरणांवरून दिसून येते.

मनुष्यबळाची सद्यःस्थिती

वार्षिक उद्योग सर्वेक्षण, २०२३-२४ नुसार देशातील संघटित कारखान्यांमध्ये सुमारे १.९५ कोटी व्यक्ती कार्यरत होत्या. त्याखेरीज असंघटित वस्तुनिर्माण उद्योगांमध्ये तीन कोटींहून अधिक लोक काम करतात. म्हणजे या क्षेत्रातील बहुसंख्य कामगार अशा छोट्या आस्थापनांमध्ये आहेत, जेथे अनेकदा लेखी नोंदीच ठेवल्या जात नाहीत.

आर्थिक पाहणी, २०२३-२४ मध्ये उद्धृत केलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार, १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के युवकांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतले होते, आणखी १६.६ टक्के युवकांनी अनौपचारिक मार्गाने कौशल्य मिळविले होते. शालेय पायाही भक्कम नाही. ‘असर’ २०२३ या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के युवकांनाच सोडविता आले. टक्केवारी आणि सरासरी यांची समज भागाकारावरच अवलंबून असल्याने डेटा साक्षरतेची खरी सुरुवात शाळेतील गणिताच्या तासाला होते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून गंभीर आहे. संघटित कारखान्यांतील दर पाच कामगारांपैकी सुमारे दोन कामगार कंत्राटदारामार्फत नेमलेले असतात. काही महिन्यांत निघून जाणाऱ्या कामगाराच्या प्रशिक्षणावर खर्च करण्यास मालक उत्सुक नसतो आणि कंत्राटदाराला त्यात स्वारस्य नसते. परिणामी, यंत्रावर प्रत्यक्ष उभा असलेला आणि नोंद करणारा माणूसच प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर राहतो.

भाषा हा तिसरा अडसर होय. सुरतच्या कापड उद्योगात ओडिशाचे, तिरुप्पूरच्या होजिअरी उद्योगात बिहार-झारखंडचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. यंत्राच्या पडद्यावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात, पर्यवेक्षक स्थानिक भाषा बोलतो आणि कामगाराची मातृभाषा तिसरीच असते. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या भाषांतर मंचाचा उपयोग प्रशिक्षण साहित्य व यंत्रावरील सूचना कामगाराच्या भाषेत आणण्यासाठी होऊ शकतो.

धोरणात्मक चौकट

जर्मनीतील हॅनोव्हर येथील औद्योगिक मेळाव्यात २०११ मध्ये ‘उद्योग ४.०’ ही संज्ञा प्रचारात आली. भारतात अवजड उद्योग मंत्रालयाने ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमांतर्गत पुणे, दिल्ली आणि बंगळूर येथे केंद्रे उभारली. पुण्यातील सी-फोर-आय-फोर प्रयोगशाळा, दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील केंद्र, तसेच बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था व केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था यांतील केंद्रे उद्योगांना प्रात्यक्षिके आणि प्रशिक्षण पुरवितात.

नीती आयोगाने जून २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचे राष्ट्रीय धोरणपत्र प्रसिद्ध केले. त्यात आरोग्य, कृषी, शिक्षण, स्मार्ट शहरे व पायाभूत सुविधा आणि वाहतूक या पाच क्षेत्रांना अग्रक्रम देण्यात आला होता. वस्तुनिर्माण क्षेत्राचा त्या पाचांत समावेश नव्हता. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मंजुरी दिली. संगणन क्षमता, डेटासंच, नवउद्योगांना अर्थसाहाय्य, सुरक्षित कृत्रिम बुद्धिमत्ता आदी तिच्या सात स्तंभांपैकी ‘फ्यूचर स्किल्स’ हा एक आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय वस्तुनिर्माण मोहिमेची घोषणा करण्यात आली.

कौशल्य विकासाच्या क्षेत्रात १९५० पासूनची कारागीर प्रशिक्षण योजना, शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ आणि ऑगस्ट २०१६ मधील राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना हे जुने आधारस्तंभ आहेत. कौशल्य विकास मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये ‘सोअर’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा कार्यक्रम सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केला. त्यात प्रत्येकी १५ तासांचे तीन अभ्यासघटक आहेत. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या उन्नयनाच्या ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. ‘पीएम-सेतू’ या नावाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रारंभ झालेल्या या योजनेत १,००० शासकीय संस्थांचा विकास २०० केंद्रसंस्था व ८०० संलग्न संस्था अशा रचनेत व्हावयाचा आहे. केंद्राचा वाटा ३०,००० कोटी, राज्यांचा २०,००० कोटी आणि उद्योगांचा १०,००० कोटी रुपये आहे. भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर व लुधियाना येथील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये उत्कृष्टता केंद्रेही उभारली जावयाची आहेत.

या योजनांचे यश प्रशिक्षकांवर अवलंबून राहील. संस्थेत अद्ययावत यंत्र आले, परंतु प्रशिक्षकाने त्याच्या नोंदींचा अर्थ लावण्याचे शिक्षण घेतलेले नसेल, तर विद्यार्थी यंत्र चालविण्यास शिकतील. ते काय सांगते, हे वाचण्यास शिकणार नाहीत. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या प्रचलित अभ्यासक्रमांच्या कार्यशाळेतच मोजमापांच्या नोंदी आणि त्यांचे आलेख यांना गुण दिले गेले, तर स्वतंत्र विषयाचा बोजा न वाढविता हे साध्य होऊ शकेल.

लघुउद्योगांपुढील वाट

राजकोटचे यंत्रभाग, कोइमतूरचे पंप, लुधियानाच्या सायकली, मोरबीच्या फरशा, पुणे-चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग ही भारतीय कारखानदारीची ओळख असून तिचा मोठा भाग लघुउद्योगांच्या खांद्यावर उभा आहे. अशा उद्योगांपाशी तज्ज्ञांची नेमणूक करण्याइतके भांडवल नसते आणि तेथील अनेक यंत्रे जुनी असतात. त्यांच्यासाठी सुरुवात महागड्या प्रणालीपासून होणे आवश्यक नाही. एकाच महत्त्वाच्या यंत्रावर विजेच्या वापराची व थांबण्याच्या वेळेची नोंद ठेवणे, आठवड्यातून एकदा तिचा पॅरेटो आलेख काढून कामगारांसह चर्चा करणे, हीच पहिली पायरी होय. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या ‘झेड’ प्रमाणन आणि मार्च २०२३ मधील ‘लीन’ योजनांतून अपव्यय कमी करण्याच्या ज्या पद्धती शिकविल्या जातात, त्यांना डेटा नोंदीची जोड देता येईल. एकाच वसाहतीतील उद्योगांनी मिळून एका डेटा विश्लेषकाची सेवा घेणे, हाही व्यवहार्य मार्ग आहे.

विश्वास आणि हक्क

यंत्राच्या नोंदींतून कामगाराचीही नोंद होते. तो किती वेळ जागेवर नव्हता, त्याचा वेग केव्हा मंदावला, हे त्याच आकड्यांतून दिसते. सुधारणेसाठी गोळा केलेला डेटा शिक्षेसाठी वापरला जाईल, अशी भीती निर्माण झाली की नोंदींतील सत्य हरपते आणि वर उल्लेखिलेला ‘इतर कारणे’ हा पर्याय सर्वांना सोयीचा वाटू लागतो. म्हणूनच विश्वास ही डेटा साक्षरतेची पूर्वअट ठरते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये रोजगाराच्या प्रयोजनासाठी संमतीविना डेटा वापरण्याची मुभा मालकाला आहे. त्यामुळे कोणता डेटा कशासाठी घेतला जातो, हे कामगारांना आपणहून सांगण्याची रीत उद्योगांनी घालून घेणे अधिकच महत्त्वाचे ठरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, ज्या तांत्रिक सुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे, तिची २१ दिवसांची पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. याच संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद असून, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांच्या आत जमा करावयाची आहे. तथापि नवे कौशल्य आत्मसात करण्यास १५ दिवसांचे वेतन अपुरे पडते. नोकरी गेल्यानंतरच्या मदतीपेक्षा नोकरीत असतानाचे प्रशिक्षण अधिक परिणामकारक असते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

पुढील दिशा

सर्व कामगारांना सारखेच प्रशिक्षण देण्याची गरज नाही. पहिल्या स्तरावर प्रत्येक कामगाराला, कंत्राटी कामगारासह, अचूक नोंद करणे आणि साधा आलेख वाचणे आले पाहिजे. दुसऱ्या स्तरावर यंत्रचालक, मांडणी करणारे व देखभाल कर्मचारी यांना प्रणालीचे इशारे पडताळता व प्रश्न विचारता आले पाहिजेत. तिसऱ्या स्तरावर पर्यवेक्षक आणि अभियंते यांना प्रणालीची मर्यादा ओळखून तिच्यात सुधारणा घडवून आणता आली पाहिजे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आणि २०२३ मधील राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांत या स्तरांना श्रेयांक मिळाले, तर एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाणाऱ्या कामगारासोबत त्याचे प्रशिक्षणही प्रवास करील. स्थलांतरित आणि कंत्राटी कामगारांसाठी याचे मोल मोठे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काही कामे संपुष्टात येतील, काही बदलतील आणि काही नव्याने निर्माण होतील. या बदलात कामगाराचे स्थान कोणते राहील, हे केवळ तंत्रज्ञानावर ठरणार नाही. ज्याला आकडे वाचता येतात, तो प्रणालीला प्रश्न विचारू शकतो आणि तिच्या निर्णयात सहभागी होऊ शकतो. ज्याला ते येत नाहीत, त्याला तिचे आदेश पाळण्याखेरीज पर्याय राहत नाही. शाळेतील भागाकारापासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेपर्यंत आणि तेथून कारखान्यातील पाळीपर्यंत डेटा साक्षरतेची ही साखळी अखंड राहिली, तरच वस्तुनिर्माण क्षेत्राच्या वाढीचा लाभ यंत्रावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकेल.